उजवा खिसा, डावा खिसा

साळवेकाकांवर माझा राग आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करताना सापडलो तर कोणी चकित व्हायला नको. मी हातगाडीवर भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली आणि केडगावात स्वतःचं गोडाऊन उभं केलं. समोरच्याने शंभर म्हटलं की माझ्या तोंडातून चाळीस आपोआप बाहेर पडतं. एवढ्या वर्षांत भावात मला एकाच माणसाने हरवलं, आणि तेही मी खोलीत नसताना. तो माणूस साळवेकाका.

उंच, काटकुळे, केस बारीक कापलेले. शर्ट नेहमी फिक्या रंगाचा आणि त्याला छातीवर दोन खिसे. बाजारात असे शर्ट सहज मिळत नाहीत, म्हणून ते शिंप्याकडून दुसरा खिसा मुद्दाम लावून घेत. डावा खिसा स्वतःचा, उजवा मंडळाचा. डाव्यात स्वतःचे पैसे, स्वतःचं पेन, स्वतःचा मोबाईल. उजव्यात मंडळाचे पैसे, मंडळाचं पेन, आणि सगळे मोबाईलवरून पैसे द्यायला लागल्यावर मंडळाचा म्हणून घेतलेला एक जुना मोबाईल. तो वाजला की काका आधी उभे राहत आणि मग उचलत.

"ह्या खिशाची त्या खिशाशी ओळख नाही," असं ते म्हणायचे. आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.

आमचं मंडळ म्हणजे थर्माकोलची विमानं उडवणारी दहा-बारा वेडी माणसं. हात पसरले की मावतील एवढे पंख, पुढे मोटरीवर फिरणारा पंखा, पोटात बॅटरी आणि खाली उभ्या माणसाच्या हातात रिमोट. मला हे वेड लागलं ते माझ्या गोडाऊनमध्ये. भंगारात एक मोडकं विमान आलं होतं. किलोवर विकण्याआधी सहज मोटर लावून बघितली, दोन दिवस खटपट केली आणि मागच्या मोकळ्या जागेत सोडलं. ते उठलं! माझ्या हातातून सुटून विजेच्या तारांच्या वर गेलं! पुढे ते बाभळीत अडकलं ती गोष्ट वेगळी, पण त्या क्षणी मी जसा ओरडलो तसा पहिला ट्रक विकत घेतानाही ओरडलो नव्हतो. मग शोधत शोधत मी डॉक्टरीणबाईंपर्यंत पोहोचलो. सुजाता निकम, दातांच्या डॉक्टर. केडगावातच त्यांचा दवाखाना आणि ह्या मंडळाच्या त्याच म्होरक्या.

त्या काळी आम्ही भिंगारच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर उडवायचो. एका रविवारी डॉक्टरीणबाईंचं विमान वाऱ्याने ओढून नेलं आणि घरांच्या रांगांमागे दिसेनासं झालं. आम्ही शोधायला निघणार एवढ्यात समोरून एक माणूस ते विमान बगलेत धरून, ताठ चालत येताना दिसला. लष्कराच्या भांडारात बिनलष्करी कारकून म्हणून त्यांची नोकरी झालेली, नुकतेच निवृत्त झालेले. पण हे नंतर कळलं. तेव्हा फक्त आवाज ऐकू आला.

"हे कोणाचं?"

"माझं," डॉक्टरीणबाई पुढे झाल्या.

"ओळख पटवा."

"अहो, माझंच आहे ते."

"असं सगळेच म्हणतात. पंखाखाली काय चिकटवलंय?"

बाईंनी आठवून सांगितलं, दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी. काकांनी विमान उलटं करून खात्री केली, खिशातून एक चिठ्ठी काढली, तिच्यावर 'एक विमान, पंखा मोडलेला, परत मिळाले' असं लिहिलं आणि सही घेतली. मग म्हणाले, "आता दुसरी गोष्ट. लष्कराच्या छावणीची हद्द त्या बाभळीपाशी लागते. आज हे माझ्या अंगणात पडलं. उद्या भिंतीपलीकडे पडलं तर चिठ्ठीवर सही घेऊन कोणी परत देणार नाही. तुमच्याकडे परवानगी कसली आहे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"विमा?"

पुन्हा एकमेकांकडे.

"वर्गणी कुठे ठेवता?"

"माझ्या खात्यात," बाई म्हणाल्या. "दवाखान्याच्या."

"छान. म्हणजे मंडळाच्या पैशावर कर डॉक्टर भरणार, आणि विमान कोणाच्या डोक्यात पडलं तर कोर्टातही डॉक्टरच जाणार. बाकीचे टाळ्या वाजवायला."

चहा येईपर्यंत हा माणूस आमचा खजिनदार झाला होता. कोणी ठराव मांडला, कोणी अनुमोदन दिलं, मला आठवत नाही. चहा मात्र त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतला. "अजून मी मंडळाचा सभासद नाही," म्हणाले.

मग सुरू झालं. धर्मादाय कार्यालयात संस्थेची नोंदणी. पॅन कार्ड. बँकेत दोन सह्यांचं खातं. वर्षाच्या शेवटी हिशेब तपासणी. विमान कोणाच्या अंगावर, गाडीवर, पिकावर पडलं तर त्याचा विमा. आणि छावणीच्या आसपास उडवायचं कायमचं बंद. मी उखडलो. "काका, आपण खेळायला जमतो का कारखाना चालवायला?"

"खेळायलाच," ते शांतपणे म्हणाले. "मध्येच येऊन कोणी खेळ थांबवू नये, म्हणून एवढं."

एकदा त्यांच्याबरोबर मार्केटात गेलो होतो. मोटरींना लागणारी तार घ्यायची होती. बिल झालं आणि उजव्या खिशात दहा रुपये कमी निघाले. मंडळाच्या मोबाईलची बॅटरी उतरलेली. डाव्या खिशातून नोटा डोकावत होत्या, मला दिसत होत्या, दुकानदारालाही दिसत होत्या.

"टाका की डाव्यातून," मी म्हटलं. "घरी गेल्यावर उजव्यातून घ्या."

"नाही."

"मग मी देतो दहा रुपये!"

"देणगी देता? मग पावती घ्यावी लागेल. पावतीपुस्तक घरी आहे."

आणि खरोखर हा माणूस सायकलवर भिंगारला घरी जाऊन परत आला. मी दुकानाच्या पायरीवर धुमसत बसलो होतो. आल्यावर घाम पुसत म्हणाले, "पोपटराव, आज डाव्यातून उजव्यात टाकलं ना, की उद्या उजव्यातून डाव्यात टाकायला हात शिकतो." मी उठलो आणि दुकानदाराशी भांडून ते दहा रुपये बिलातून कमी करून घेतले. काकांनी बिल दुरुस्त करून मागितलं.

ह्या माणसाची सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्यांनी कधी विमान उडवलं नाही. दर रविवारी हजर, पण रिमोटला हात नाही. कारण त्यांनीच केलेला एक नियम. मंडळाच्या मालकीची तीन-चार विमानं होती, ती आळीपाळीने सगळे उडवायचे. विमान पडलं की काका चालत तिथे जायचे, तुकड्यांकडे बघायचे, मग उडवणाऱ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "वारा की हात?"

वारा असेल तर दुरुस्ती मंडळाची. हात चुकला असेल तर ज्याचा हात त्याचा खिसा. आणि मग जी वकिली व्हायची! अख्खं झाड समोर उभं असताना त्यात विमान घालून लोक शपथेवर वारा म्हणायचे. मी स्वतः एकदा पानसुद्धा हलत नसताना वावटळ उठल्याचं सिद्ध करायला धूळ उधळून दाखवली होती. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हात." संपलं.

"तुम्ही पण उडवून बघा ना काका," डॉक्टरीणबाई आग्रह करायच्या.

"निवाडा करणाऱ्याने खेळायचं नसतं."

पण मी त्यांच्याकडे बघत असायचो. धंद्यात एक शिकलोय, गिऱ्हाईक तोंडाने नको म्हणतं तेव्हा त्याच्या हाताकडे बघायचं. विमान गिरकी घ्यायला लागलं की काकांचे पाठीमागे बांधलेले हात सुटायचे. अंगठे हवेत हलायचे, रिमोटवर हलतात तसे. आणि विमान उलटं झालं की त्यांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या जायच्या.

आता माझा राग.

मंडळाला मेळाव्यांसाठी लाऊडस्पीकर हवा होता. माझ्या गोडाऊनमध्ये एक चांगला संच पडून होता, एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयातला. मी म्हटलं, मी देतो, आपल्याच मंडळाला देतोय, भाव पण घरचा लावतो. बैठक डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, रविवारी दुपारी. मी भाव सांगितला. काका म्हणाले, "बरं. आता पोपटराव, तुम्ही जरा बाहेर बसा."

"का?"

"विकणारे तुम्ही आणि घेणाऱ्यांतही तुम्ही. ज्याचा फायदा त्याने त्या चर्चेत बसायचं नसतं. नियम आहे."

"फायदा? तोट्यात देतोय मी!"

"मग तर बाहेर बसाच. तोटा बघवणार नाही तुम्हाला."

सगळे हसले. मी तणतणत बाहेर आलो. बाहेर म्हणजे दवाखान्याची पायरी, जिथे सगळ्यांच्या चपला काढलेल्या. ऊन डोक्यावर. मी चपलांमध्ये बसलोय, आणि रस्त्याने जाणारं माझं एक जुनं गिऱ्हाईक गाडी थांबवून विचारतंय, "काय शेठ, दाढ दुखतीय का?"

आत चांगलाच वेळ लागला. दार उघडलं तेव्हा कळलं की काकांनी आधीच बाजारातून तीन ठिकाणचे भाव लिहून आणले होते, आणि माझ्या भावातून सरळ एक चतुर्थांश कापून ठराव पास झाला होता. एक चतुर्थांश! माझा! मी समोर असतो तर एका रुपयाने खाली आलो नसतो. मी बाहेर लोकांच्या चपला राखत होतो आणि आत माझा भाव पडत होता. मी तो संच त्याच भावाला दिला, कारण दिला नसता तर बाजारातून घेतला असता आणि ते मला जास्त लागलं असतं. पण विसरलो नाही. आजही नाही.

जागेचं सांगायचं राहिलं. छावणीची बाजू सोडल्यावर आम्हाला मैदान नव्हतं. कुठे पीक, कुठे तारा, कुठे घरं. शेवटी भिंगार मागे टाकून पूर्वेला बरंच पुढे, म्हस्केआबांचा एक मुरमाड माळ मी शोधून काढला. आबा एकटे, मूलबाळ नाही, बायको गेलेली. माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. मी त्यांच्याशी बसून, दोन चहा पिऊन, जागा फुकट मिळवली. फुकट! मंडळात मी ते सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या.

काका म्हणाले, "फुकट नको."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"फुकट वापरलं की माणूस काही दिवसांनी आपलंच समजायला लागतो. आणि आबा एकटे आहेत. त्यांना रात्री झोप लागायला पाहिजे. थोडं का होईना, भाडं देऊ. आणि कागद करू."

कागद त्यांनी स्वतः लिहिला, स्टॅम्प पेपरवर. मी वाचला आणि माझं डोकं फिरलं. जमीन आबांची आहे. मंडळाला फक्त रविवारी आणि आधी ठरवलेल्या मेळाव्याच्या दिवशी विमानं उडवायची मुभा आहे. ह्या जमिनीवर मंडळाचा कूळ म्हणून, कब्जा म्हणून, वहिवाट म्हणून कोणताही हक्क नाही आणि पुढे कधी सांगणार नाही. आबांनी सांगितलं की त्याच दिवशी निघून जाऊ.

"काका, हा कागद आबांच्या वकिलाने लिहिला का आपल्या?" मी ओरडलो. "स्वतःच्याच विरुद्ध कोण कागद करतं? मी आयुष्यात असा सौदा बघितला नाही!"

"सौदा नाहीये हा," काका म्हणाले आणि आबांचा अंगठा घ्यायला निघाले. आबा अंगठा नाही, सही करायचे. मोठी, वळणदार.

तरी आबांच्या मनातून भीती गेली नाही. आमच्या भागात जमीन वापरायला दिली आणि वापरणाराच मालक झाला, अशा गोष्टी प्रत्येक गावात ऐकू येतात. म्हणून आबा वर्षातून एकदा बैल जुंपून यायचे आणि माळाच्या मधोमध नांगराचं एकच तास मारायचे. पेरायला नाही, काही नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक खोल चर. आमची विमानं जिथे उतरायची, नेमका तिथून. चाकं अडकायची, विमानं कोलमडायची. आम्ही बुजवलं की आबा परत मारायचे.

"आबा, अहो काय हे!" मी एकदा चिडून म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या पोपटशेठ," आबा म्हणाले. "माजी सही हाय ती. रान माजं हाय, हे रानाला म्हाईत असाया पायजे."

त्या चरात विमान अडकून पडलं की काका विचारायचेच नाहीत, वारा की हात. खर्च मंडळाचा लिहायचे. मी विचारलं, कशाच्या नावाखाली? म्हणाले, "जागेच्या अटी."

आणि मग तो मेळावा. नाशिकची, पुण्याची, संभाजीनगरची विमानवेडी मंडळी पहिल्यांदा आपल्याकडे येणार होती! प्रवेशशुल्क जमा झालं होतं, मांडव ठरला होता, पोलिसांना पत्र दिलं होतं, विम्याची मुदत वाढवून घेतली होती. डॉक्टरीणबाईंना झोप येत नव्हती आणि मला तर जेवण जात नव्हतं. रविवारी मेळावा, आणि शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं, बाई, काका आणि मी, माळावर चुन्याच्या रेघा मारत होतो. तेवढ्यात एक पांढरी गाडी आली आणि तिच्यामागे लोखंडी खांब, काटेरी तार भरलेला टेम्पो.

गाडीतून उतरला तो आबांचा पुतण्या, किरण. शहरात प्लॉटची दलाली करणारा. ह्या माळाचे प्लॉट पाडायचे म्हणून तो आबांच्या मागे लागलेला होता, हे आम्हाला ऐकून माहीत होतं.

"कोणाला विचारून चुना मारताय?"

"आबांना," मी म्हटलं.

"आबांना काय कळतंय? दर रविवारी येऊन कब्जा करताय. उद्या कूळ म्हणून नाव लावाल. आजच कंपाउंड मारतो."

टेम्पोवाल्याने खांब उतरवायला सुरुवात केली. माझ्या डोळ्यांसमोर नाशिकच्या, पुण्याच्या गाड्या आल्या आणि काटेरी तारेपाशी थांबल्या. मैदान गेलं तर मेळावा गेला, आणि दुसरं मैदान मिळणार नाही, म्हणजे मंडळच गेलं. मी किरणला बाजूला घेतलं. अशा वेळी मला फार काही सांगावं लागत नाही. त्याने पंचवीस हजार म्हटलं. मी हसलो, रागावलो, निघालो, परत आलो, आणि आठ हजारांवर आणला! आठ! मी अभिमानाने काकांकडे धावलो.

"काका, आठ हजार. विषय संपला. काढा."

"कशाचे?"

"त्याचं तोंड बंद करायचे!"

"पावतीवर काय लिहू?"

"अहो, काही लिहू नका!"

"मग उजव्या खिशातून निघणार नाहीत."

"डाव्यातून काढा!"

"डावा खिसा गरीब आहे, पोपटराव. पण असल्या कामाला तोही नाही."

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. बाई रडवेल्या झाल्या होत्या. तेवढ्यात, कोणीतरी निरोप दिला असावा, आबा काठी टेकत येताना दिसले. किरण त्यांच्याकडे धावला. "आबा, बघा! तुमच्या जमिनीवर हे लोक हक्क सांगायला लागलेत!"

काकांनी पिशवीतून तो स्टॅम्प पेपर काढला आणि किरणच्या हातात दिला. "तुम्हीच वाचा. मोठ्याने. आबांना ऐकू जाऊ दे."

किरण वाचायला लागला. जसजसा वाचत गेला तसतसा त्याचा आवाज चढत गेला. "कोणताही हक्क नाही! आबांनी सांगितलं की त्याच दिवशी निघून जाऊ! बघा आबा, ह्यांनीच लिहून दिलंय! चला, उचला तुमचा चुना!"

मी कपाळावर हात मारला. हे होणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "आबा, तुम्ही म्हणालात तर आत्ता निघतो. चुनासुद्धा झाडून नेतो."

आबांनी काकांकडे बघितलं, माळाकडे बघितलं, स्वतःच्या त्या चराकडे बघितलं. मग पुतण्याला म्हणाले, "किरन, ह्यो कागद तुला कळला का?"

"कळला की."

"समदा?"

"समदा."

"मंग आसाच येक तू लिवून दे."

"काय?"

"हेच. माजा ह्या रानावर कायबी हक्क न्हाई, फुडंबी सांगनार न्हाई, आन आबांनी सांगितलं की त्याच दिशी निगून जाईन. दे लिवून. ह्यांनी दिलंय, तुला काय जड हाय? साळवेसायेब, कागद हाय का कोरा?"

"आहे," काकांनी पिशवीत हात घातला. "पण मंडळाचा आहे. त्याचे पैसे तुम्हाला भरावे लागतील, आबा."

"देतो की!"

किरणने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा आबांकडे. "आबा, मी घरचा माणूस आहे."

"व्हय. म्हनून तर भ्या वाटतंय."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मला तर माळावर लोळावंसं वाटत होतं! पांढरी गाडी वळली. टेम्पोवाला खांब परत भरायला लागला तेव्हा मी त्याला खांबांचा किलोचा भाव विचारला, पण तो बोलायच्या मनःस्थितीत नव्हता.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही माळावर पोहोचलो तर आबा आधीच तिथे. बैलांना फळी जुंपलेली, आणि फळीवर स्वतः उभे. तो चर, ती त्यांची सही, आबा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोडत चालले होते. माती सपाट, मऊ, गुळगुळीत. विमानं उतरायला इतकी छान पट्टी आम्हाला कधी मिळाली नव्हती.

"आबा, सही पुसली?" काकांनी विचारलं.

"तुमची हाय न्हवं कागदावर," आबा म्हणाले. "दोन सह्या कशाला?"

काय मेळावा झाला तो! आकाशात एका वेळी पाच-पाच विमानं! लाल, पिवळी, एक तर दोन मजली पंखांचं! माझ्या त्या लाऊडस्पीकरवरून, एक चतुर्थांश कापलेल्या, डॉक्टरीणबाई ओरडत होत्या. पुण्याच्या एकाचं विमान शेजारच्या ज्वारीत घुसलं, तर काका त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन नुकसान ठरवून, पावती घेऊन, पुढची गिरकी सुरू होण्याआधी परत हजर! आबा खुर्चीवर बसून प्रत्येक विमानाला "लई भारी, लई भारी" म्हणत होते. आणि मी बघत होतो, काकांच्या टाचा उचललेल्या होत्या त्या खाली आल्याच नाहीत.

त्यानंतरच्या वार्षिक सभेत काकांनी राजीनामा दिला. कोणताही खजिनदार तीन वर्षांपेक्षा जास्त राहणार नाही, हा नियम त्यांनीच घातलेला. पुढचं नाव कोणाचं सुचवावं? माझं!

"ह्यांना कोणी फसवणार नाही," काका म्हणाले. "आणि चिडके आहेत, त्यामुळे उसने मागायला कोणी जाणार नाही."

हिशेब, पावतीपुस्तक, मंडळाचा मोबाईल, मंडळाचं पेन, सगळं सही घेऊन माझ्या ताब्यात दिलं. मग उजव्या खिशात बोटं घालून त्यांनी तो बाहेर उलटा केला. रिकामा आहे हे दाखवायला. तो खिसा तसाच जिभेसारखा लोंबत राहिला, त्यांच्या लक्षातही आलं नाही. कारण ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पोपटराव, पुढच्या रविवारी मला रिमोट द्या."

दिला. विमान उठलं, आणि काका ओरडले. मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "गेलं! अहो, गेलं! बघा!" एक गिरकी, दुसरी गिरकी, इतकी सुंदर की डॉक्टरीणबाई टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांच्या अंगठ्यांना सगळं येत होतं. तिसरी गिरकी त्यांनी फार खालून घेतली आणि विमान सरळ बोरीच्या झाडात गेलं. तुकडे तुकडे.

आणि हा माणूस तुकडे गोळा करून धावत माझ्याकडे आला. "वारा!" म्हणाला. "वारा होता पोपटराव! तुम्ही बघितला ना? त्या बाजूने झोत आला! मंडळाने भरायचं!"

"काका, पान हलत नव्हतं."

"वर हलत होतं! खालून तुम्हाला काय दिसणार? निम्मं तरी मंडळाचं! बरं, पंखा मंडळाचा, बॉडी माझी!"

मी एवढ्या वर्षांत इतका आनंदी सौदा करणारा बघितला नाही. त्या दुपारी दवाखान्यात बैठक होती. विषय आला. मी उजव्या खिशाला हात लावला. हो, मीही शिवून घेतला होता. आणि म्हणालो, "साळवेकाका, ज्याचा फायदा त्याने चर्चेत बसायचं नसतं. जरा बाहेर बसा."

काका उठले, मोडकं विमान उचललं, आणि दार लोटून बाहेर गेले.

आत आम्ही काय ठरवलं ते सांगायला मी दार उघडलं. ते पायरीवर, आमच्या चपलांमध्ये बसले होते. चपला त्यांनी जोड्या लावून रांगेत मांडल्या होत्या. शर्ट त्या सभेतलाच, रिकामा खिसा अजून बाहेर लोंबत होता. मोडलेला पंख त्यांनी उजव्या हातात धरला होता आणि तो चपलांच्या त्या रांगेवरून, खालून, अगदी खालून वळवत होते, बोरीचं झाड चुकवून. तोंडाने बारीक आवाज चालू होता, मोटरीचा.

पुढच्या महिन्यात ते राहात्याला लेकीकडे कायमचे गेले. मला ते आठवतात ते तिथे, त्या पायरीवर. त्या दुपारी मी हाक मारली नाही. दार हळूच परत लोटलं आणि आत येऊन म्हणालो, "बसा सगळे. चर्चा अजून संपलेली नाही."